बातमी छापून आली, पुढे काय? जिल्ह्यातल्या शोधपत्रकारितेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माझी मुलाखत आली होती, तालुका बातमीदार म्हणून सुरुवात करून पुढे सगळी नोकरी महाराष्ट्रातल्या एकाच जिल्ह्यात शोधबातम्या करत कशी काढली त्याबद्दल. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की संपादक म्हणाले आता उत्तरं तुम्हीच लिहा. बरेच प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत. विचारणाऱ्यांची नावं मुद्दाम छापत नाहीये कारण त्यातले काहीजण अजून त्याच ऑफिसात नाहीतर त्याच पेपरात काम करतायत.

प्रश्न : सर, मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजमध्ये वॉटरगेट वगैरे शिकवलं पण तालुक्याच्या गावात असली बातमी मिळणार कुठून? तुम्हाला टिप कोण द्यायचं? (विद्यार्थिनी, परभणी)

ज्या वॉटरगेट प्रकरणात पुढे अमेरिकेच्या अध्यक्षाला पद सोडावं लागलं ती पण सुरुवातीला लोकल बातमीच होती बरं का. जून १९७२ मध्ये एका ऑफिसात घुसलेले पाच जण पकडले गेले आणि ती बातमी वॉशिंग्टन पोस्टच्या शहर डेस्कवरच्या तरुण बातमीदारांकडे आली, बॉब वुडवर्ड आरोपींना हजर केलं त्या कोर्टात जाऊन बसला आणि तिथून सगळं सुरू झालं. म्हणजे तू ज्या कोर्टाच्या बोर्डाकडे रोज बघत पण नाहीस तिथेच.

टिपची वाट बघत बसू नकोस. टिप देणाऱ्याचा बहुतेक वेळा स्वतःचा काहीतरी हिशोब असतो, हरलेला ठेकेदार जिंकलेल्या ठेकेदाराबद्दल सांगतो, बदली झालेला साहेब नव्या साहेबाबद्दल सांगतो, ते खोटंच असतं असं नाही पण अर्धं असतं. माझ्या चांगल्या बातम्यांपैकी बऱ्याचशा उघड्या कागदातून निघाल्या. पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात निविदा सूचना येतात, जमिनीच्या जाहीर नोटिसा येतात, त्या वाचायची सवय लाव. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आधी मागून घे आणि शेवटी 'आयत्या वेळचे विषय' म्हणून जे घुसवतात ते नीट बघ, कारण ज्यावर चर्चा नको असते ते बहुतेक तिथेच असतं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो कारण हे कुणी शिकवत नाही. समज गावात दीड किलोमीटरचा डांबरी रस्ता झाला आणि एका पावसात उखडला. नवीन बातमीदार काय करतो, खड्ड्याचा फोटो काढतो, दोन गावकऱ्यांची वाक्यं घेतो, निकृष्ट काम असं हेडिंग देतो आणि संपलं. ठेकेदाराला त्याने काही फरक पडत नाही. आता कागदाकडून ये. प्रत्येक कामाला आधी प्रशासकीय मान्यता असते, मग सविस्तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग मोजमाप पुस्तक ज्याला सगळे एमबी म्हणतात, मग बिल, मग काम पूर्ण झाल्याचा दाखला. यातली एमबी सगळ्यात महत्त्वाची. इंजिनिअरने जागेवर जाऊन मोजून लांबी रुंदी जाडी लिहायची आणि त्यावर बिल निघायचं असा नियम आहे. तर एमबीची प्रत काढायची, खडीचा थर किती जाडीचा लिहिलाय ते बघायचं आणि टेप घेऊन रस्त्याच्या उखडलेल्या कडेला जायचं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्येच कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्क दिलेला आहे, म्हणजे नुसता कागद नाही तर रस्त्याच्या डांबराचा नमुना पण मागता येतो, हे कित्येक पत्रकारांना माहीतच नसतं.

मग तारखा बघ. कार्यारंभ आदेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यात किती दिवस आहेत, ते दिवस भर पावसाळ्यातले आहेत का, मार्च अखेरीच्या आठवड्यात बिल निघालंय का. मग हाच रस्ता दुसऱ्या कुठल्या हेडमधून पण झालाय का ते शोध. जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, आमदार निधी, जिल्हा वार्षिक योजना असे वेगवेगळे पैसे असतात आणि एकाकडे रस्त्याचं नाव अमुक वस्ती ते फाटा असतं तर दुसऱ्याकडे तोच रस्ता फाटा ते अमुक वस्ती म्हणून असतो. नाव बदललं तरी साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्यावरचं अंतर दाखवणारा आकडा, आणि जागा बदलत नाही. दोन्ही फायली शेजारी ठेवल्या की कुणाच्या टिपची गरज उरत नाही. आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते पण लिहून घे, तो चालू असेपर्यंत दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, बातमी त्या तारखेच्या आत आली तर गावाला रस्ता परत मिळू शकतो.

प्रश्न : माहिती अधिकारात अर्ज टाकला की 'त्रयस्थ पक्षाची माहिती' किंवा 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारतात. आता तर नवीन कायदा आला म्हणे, मग अर्ज करण्यात अर्थ उरलाय का? (तालुका बातमीदार, अहिल्यानगर जिल्हा)

अर्थ आहे पण अर्ज करायची पद्धत बदलावी लागेल.

आधी त्रयस्थ पक्षाचं. कलम ११ ही फक्त पद्धत आहे, ते नाकारायचं कारण नाही. माहिती अधिकाऱ्याने ५ दिवसांत त्या त्रयस्थाला नोटीस द्यायची, त्याने १० दिवसांत म्हणणं मांडायचं आणि ४० दिवसांच्या आत निर्णय द्यायचा. नोटीस न पाठवताच 'त्रयस्थ' असा शिक्का मारून परत पाठवलं असेल तर पहिल्या अपिलात एवढंच विचारा की नोटीस कुठल्या तारखेला कुणाला पाठवली त्याची प्रत द्या.

वैयक्तिक माहितीचं मात्र खरंच अवघड झालंय आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदलून टाकलं. आधी तिथे लिहिलेलं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खासगीपणात घुसणारी माहिती नाकारता येईल आणि वर असंही होतं की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. ते सगळं काढून आता फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलंय. लाभार्थ्यांची यादी, नोकरीला लागलेल्याचं जातप्रमाणपत्र, साहेबांची मालमत्ता, सगळंच वैयक्तिक म्हणता येतं. लोकल बातमीदाराला हीच माहिती तर लागते.

तरी कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, त्यामुळे अर्जातच जनहित काय आहे ते एका वाक्यात लिहा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, तेव्हा दहा गोष्टी एकात कोंबू नका. माणसाबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. 'अमुक ठेकेदाराला किती पैसे दिले' ऐवजी 'अमुक कामाच्या एमबीच्या आणि देयकांच्या प्रती' असं मागा. आणि प्रती मागण्याऐवजी आधी फाईल बघायला मागा. समोर बसून फाईल चाळताना टिपणीच्या बाजूला मारलेले शेरे दिसतात, मधली गायब पानं दिसतात, पुढचा अर्ज नेमका कशासाठी करायचा ते कळतं.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर लगेच पहिलं अपील करा. दुसऱ्या अपिलाला ९० दिवसांची मुदत आहे आणि माहिती आयोगाकडे तारीख लागायला बराच काळ जातो, म्हणून एकाच अर्जावर बातमी अवलंबून ठेवू नका, तेच काम लेखापरीक्षण अहवालात, पंचायत राज समितीच्या अहवालात, नरेगाच्या साईटवरच्या हजेरीपटात कुठे ना कुठे सापडतं.

प्रश्न : दादा, आमचे हे एका दैनिकाचे बातमीदार आहेत. वाळूच्या बातम्या देतात. परवा दोघंजण घरी येऊन मुलाच्या शाळेची चौकशी करून गेले. ह्यांना सांगितलं तर म्हणतात असं चालायचंच. मी काय करू? (गृहिणी, मराठवाडा)

वहिनी, असं चालायचंच म्हणून सोडून देऊ नका. त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

मोठ्या शहरातला पत्रकार बातमी देऊन परत जातो, तालुक्यातला पत्रकार ज्याच्याविरुद्ध लिहितो त्याच्याच रस्त्याने रोज मोटारसायकलवर जातो. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापूरमध्ये शशिकांत वारिशे यांना गाडीने चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले, रिफायनरीच्या जमिनींबद्दल ते सातत्याने लिहीत होते आणि गाडी घातली त्याच दिवशी सकाळी त्यांची बातमी छापून आली होती, ज्याच्याबद्दल बातमी होती त्यालाच खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. छत्तीसगडमध्ये विजापूरच्या मुकेश चंद्राकरचा मृतदेह जानेवारी २०२५ मध्ये सेप्टिक टँकमध्ये सापडला, विषय होता रस्त्याचं काम. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. धमकी हलक्यात घेणाऱ्यांसाठी लिहितोय.

आता काय करायचं ते सांगतो. पहिलं, घरी कोण आलं, किती वाजता, गाडीचा नंबर, काय बोलले हे आजच्या आज लिहून काढा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोचची सही शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका, त्याची एक प्रत पोलीस अधीक्षकांना मेलने पाठवा. महाराष्ट्रात २०१७ चा पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही असं कायद्यात लिहिलंय. ठाण्यात त्या कायद्याचं नाव घ्या. शाळेत मुख्याध्यापकांना भेटून मुलाला कोण घ्यायला येणार ते लेखी कळवून ठेवा.

दुसरं ह्यांच्यासाठी. बातमी एकट्याची ठेवू नका. सगळे फोटो कागद संपादकांकडे आणि जिल्ह्याबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडे असू द्या आणि ही गोष्ट समोरच्याला कळू द्या. एकट्याकडेच माहिती आहे असं वाटलं की माणसाला गप्प करण्यात फायदा दिसतो, पाच पेपरांकडे आहे म्हटल्यावर तो फायदा जातो. मी वाळूवर काम करायचो तेव्हा तालुक्यातल्या स्पर्धक पेपरच्या मित्रांबरोबर एकाच दिवशी बातमी छापायचं ठरवायचो, एक्सक्लुझिव्ह हातातून जायची पण रात्री झोप लागायची. नदीवर रात्री एकट्याने जायचं नाही, हे तर मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो. आणि संपादक पाठीशी उभे राहत नसतील, धमकी आल्यावर 'जरा सांभाळून' एवढंच म्हणत असतील तर वहिनी, तो विषय थांबवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आधी माणूस जपायचा, बातमी नंतरही करता येते.

प्रश्न : पेपरकडून महिन्याला जे मिळतं त्यात पेट्रोल पण निघत नाही. वरून दिवाळी अंकाच्या आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींचं टार्गेट. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध बातमी कशी देणार? (स्ट्रिंजर म्हणजे मानधनावरचा बातमीदार, विदर्भ)

सगळ्यात जास्त पत्रं याच विषयावर आली आणि सगळ्यात जास्त राग पण मला याचाच येतो.

तुमच्यासारखे हजारो जण पगारावर नसतात, अधिस्वीकृती म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता नसते, पीएफ नसतो, मानधन म्हणून जे हातात पडतं त्याला मानधन म्हणणंसुद्धा चुकीचं आहे. पत्रकारांच्या पगारासाठीचा मजिठिया वेतन आयोग २०११ मध्ये अधिसूचित झाला, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये तो कायम केला, पण तालुक्याच्या बातमीदाराला कर्मचारीच मानलं नाही की तो लागूच होत नाही असं मालक लोकांनी करून ठेवलं. आणि मग त्याच माणसाला जाहिरातीवर कमिशन. ही व्यवस्थाच बातमी मारायला पुरेशी आहे, त्यासाठी कुणी धमकी द्यायची गरज नाही.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात काय झालं ते आठवा, एकाच नेत्याची स्तुती करणारे एकसारखे लेख एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत छापून आले, पी. साईनाथ यांनी ते द हिंदूमध्ये उघड केलं आणि मग प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, दोन सदस्यांची समिती नेमली. ती मोठ्या पेपरांची गोष्ट होती. तालुक्यात हेच दर वाढदिवसाला छोट्या प्रमाणात होतं.

मी काय करायचो ते सांगतो, सगळ्यांना जमेल असं म्हणत नाही. जाहिरात घेणारा माणूस आणि बातमी लिहिणारा माणूस वेगळा ठेवा असं मी संपादकांना सुरुवातीलाच सांगितलं आणि ते मानणाऱ्या पेपरातच टिकलो, न मानणारा एक पेपर सोडला. घर चालवायला शिकवण्या घेतल्या, भाषांतरं केली. तुम्हाला पेपर सोडणं परवडत नसेल तर निदान एवढं करा की ज्या खात्याच्या मागे तुम्ही आहात त्या खात्याच्या ठेकेदारांकडे जाहिरातीसाठी स्वतः जाऊ नका, कारण एकदा गेलात की तो पुढच्या वेळी बातमी थांबवायची किंमत विचारणार. आणि जिल्ह्यातले स्ट्रिंजर मिळून मानधनाची मागणी लेखी करा, एकट्याने केली तर दुसरा माणूस नेमतात.

प्रश्न : बातमीनंतर वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस आली आहे, एक कोटीची. खूप टेन्शन आलंय. (नांदेड)

बहुतेक नोटिसा घाबरवण्यासाठीच असतात, तरी उत्तर वकिलाकडूनच द्या, स्वतः फोन करून माफी मागू नका की भांडू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण खरं आणि लोकहिताचं छापलं असेल तर तो अपवाद त्याच कलमात दिलाय. सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लिखाण आणि अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दलचं लिखाण याला मोठं संरक्षण दिलं. तुमच्याकडे कागद आहेत का आणि छापायच्या आधी समोरच्याची बाजू मागितल्याचा पुरावा आहे का, या दोनच गोष्टी वकील विचारेल. म्हणूनच मी नेहमी प्रश्न लेखी पाठवायचो, मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, उत्तर द्यायला वेळ द्यायचो आणि उत्तर नाही आलं तर तसंही छापायचो.

प्रश्न : मी एका सरकारी कार्यालयात क्लार्क आहे. चुकीचं चाललेलं डोळ्यासमोर दिसतं. पत्रकाराला कागद दिले तर माझं नाव बाहेर येणार नाही याची खात्री काय?

पूर्ण खात्री कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे पत्रकाराला सूत्राचं नाव लपवायचं संरक्षण फार मर्यादित आहे, १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात आहे पण ते कौन्सिलसमोरच्या कारवाईपुरतं, कोर्टात तसा स्पष्ट हक्क नाही. म्हणून नाव सांगायचीच वेळ येऊ नये अशी काळजी आधीच घ्यायला लागते.

कागद देऊच नका, कागद कुठे आहे ते सांगा. फाईल क्रमांक, आवक जावक नोंद, कुठल्या टेबलवर कुठल्या तारखेला काय झालं एवढं सांगितलं की चांगला बातमीदार तो कागद माहिती अधिकारात किंवा दुसऱ्या ऑफिसातून काढून आणतो आणि बातमीत त्या मार्गाचाच उल्लेख करतो. माझ्याकडे कुणी कागद आणून दिलाच तर मी त्याचा फोटो कधीच छापला नाही, कारण कोपऱ्यातला शेरा, झेरॉक्सच्या मशीनची रेघ, स्टेपलची जागा यावरून ऑफिसातली माणसं बरोबर ओळखतात कुणाच्या टेबलवरून गेला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, ऑफिसच्या वायफायवरून काही पाठवू नका. बातमी आल्यावर ऑफिसात त्यावर चर्चा करायला पुढे होऊ नका. आणि भेटल्यावर पहिल्याच दिवशी 'अजून काय आहे' म्हणून मागे लागणारा पत्रकार असेल तर दुसरा शोधा.

प्रश्न : डेस्कवरचे म्हणतात मुलींना शोधबातमी जमत नाही, तू महिला पान कर. (महिला बातमीदार, कोल्हापूर)

२००२ मध्ये बुंदेलखंडात चित्रकूटला खबर लहरिया सुरू झालं, गावातल्या बायका, बऱ्याचशा दलित, त्यांनी बुंदेलीत चालवलेला पेपर. खाणी, पोलीस ठाणी, पंचायती सगळं त्यांनी कव्हर केलं. डेस्कवरच्यांना एवढं सांग.

आणि महिला पान म्हणजे हलकं असं का समजायचं? एप्रिल २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याची बातमी राष्ट्रीय पेपरात आली तेव्हा देश हादरला. पाळीच्या दिवसात कामावर खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून कित्येक तरुण बायकांनी गर्भाशयं काढून टाकली होती. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. आता विचार कर, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सला, आशाताईला, टोळीतल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. पण जिल्ह्यातल्या किती बातमीदारांनी त्या बायकांशी बसून बोललं असेल? ही बातमी तुझ्यासारखीला आधी मिळाली असती, आणि अशा अजून कितीतरी आहेत, बचतगटांच्या नावावर उचललेली मायक्रोफायनान्सची कर्जं बघ, अंगणवाडीच्या पोषण आहाराचा पुरवठा बघ. महिला पान घे आणि तिथूनच पहिल्या पानावर ये.

प्रश्न : मी तुमच्या बातम्या वर्षानुवर्षं वाचत आलो. राग मानू नका पण विचारतो, एवढं लिहून बदललं काय? घोटाळेवाला निवडून येतो, साहेबाची बदली होते आणि दुसरा येतो. (निवृत्त शिक्षक, सातारा)

गुरुजी, राग कशाचा. मीही हे कित्येकदा स्वतःला विचारलंय आणि माझं उत्तर असं आहे की बातमी छापून आल्यावर आम्ही बहुतेकजण निघून जातो म्हणून काही बदलत नाही.

चौकशी समिती नेमली ही बातमी होते. समितीने अहवाल दिला का, त्यात काय होतं, वसुली झाली का, निलंबित माणूस सहा महिन्यांनी गुपचूप कामावर परत आला का, हे कुणी विचारतच नाही. निलंबन ही शिक्षा नाही हे सुद्धा वाचकाला कुणी सांगत नाही, त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो आणि विभागीय चौकशी वेळेत संपली नाही की माणूस परत येतो. समोरच्यांना आमची ही सवय पक्की माहीत असते. दोन आठवडे गप्प राहिलं की पत्रकार दुसऱ्या विषयावर जातो हे ते ओळखून असतात.

म्हणून मी एक वही ठेवली, पाठपुराव्याची. प्रत्येक बातमीपुढे पुढची तारीख. चौकशीची मुदत कधी संपते, अपिलाची सुनावणी कधी, वसुलीचा हप्ता कधी, विधिमंडळात प्रश्न लागला तर उत्तर कधी. तारीख आली की फोन करायचा आणि काही झालं नसेल तर 'काही झालं नाही' हीच बातमी द्यायची, चार ओळींची का होईना. एका पाणीपुरवठा योजनेच्या मागे मी असाच लागलो होतो, टाकी बांधली पण पाईपलाईनच नाही, पहिल्या बातमीने काहीच झालं नाही, पण त्यानंतर दर वेळी सभेच्या आधी तेवढीच चार ओळींची बातमी यायला लागली तसे गावातले लोकच कात्रण घेऊन ग्रामसभेत उभे राहायला लागले आणि शेवटी पाईप आले. ती पहिल्या पानावरची बातमी कुणाच्या लक्षात नसेल, चार ओळी मात्र होत्या.

बाहेर बघायचं तर हरियाणातल्या सिरसाचं उदाहरण घ्या. रामचंद्र छत्रपती 'पूरा सच' नावाचा छोटा पेपर चालवायचे. डेरा सच्चा सौदा या पंथाच्या प्रमुखावर लैंगिक अत्याचाराचे आरोप करणारं एक निनावी पत्र फिरत होतं, ते त्यांनी २००२ मध्ये छापलं. ऑक्टोबरमध्ये घराबाहेर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, नोव्हेंबरमध्ये ते गेले. त्या पत्रावरून सुरू झालेल्या केसचा निकाल ऑगस्ट २०१७ मध्ये लागला, १५ वर्षांनी, आणि छत्रपतींच्या खुनाच्या केसमध्ये सीबीआय कोर्टाचा निकाल जानेवारी २०१९ मध्ये. मधली सगळी वर्षं त्यांचा मुलगा कोर्टाच्या पायऱ्या चढत होता, पीडित साध्वी साक्षीवर ठाम होत्या. तो छोटा पेपर नसता तर पहिली ओळच छापली गेली नसती, पण पाठपुरावा नसता तर त्या ओळीचं काहीही झालं नसतं.

आणि उलटं पण बघा, पत्रकार जिथे जातच नाही तिथे काय होतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचं ४० हजारांच्या आतल्या वस्तीचं गरीब लोकांचं शहर आहे. तिथल्या पालिकेच्या सभेला वर्षानुवर्षं नियमित जाणारा बातमीदार नव्हता. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या दोघांनी कागद मागवले तर पालिकेच्या मॅनेजरचा पगार वर्षाला ८ लाख डॉलरच्या जवळ निघाला, आणि पार्टटाइम नगरसेवक एक लाखाच्या आसपास घेत होते. मॅनेजरला पुढे तुरुंगवास झाला. म्हणजे गुरुजी, बातमीने किती बदललं ते मोजताना जे सभेत कुणीतरी वही घेऊन बसलंय म्हणून घडलंच नाही ते पण मोजा. ते कुठे छापून येत नाही आणि त्याचा पुरस्कार पण मिळत नाही.

प्रश्न : मी यूट्यूबवर तालुक्याचं न्यूज चॅनल चालवतो, अधिस्वीकृती नाही. अधिकारी म्हणतात तुम्ही पत्रकारच नाही. (सोलापूर जिल्हा)

माहिती अधिकारात अर्ज करायला, ग्रामसभेला हजर राहायला, निविदा बघायला पत्रकार असावं लागत नाही, नागरिक असलं की पुरतं. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालू नका. पण दोन गोष्टी सांभाळा. मूळ व्हिडिओ ज्या फोनवर काढला त्या फोनवरून डिलीट करू नका, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि एडिट करून संगीत टाकलेली क्लिप कोर्टात उपयोगाची नाही. आणि कॅमेरा घेऊन ऑफिसात घुसून साहेबावर ओरडणं याला शोधपत्रकारिता म्हणू नका, त्याने व्ह्यूज मिळतात आणि फाईल बंद होते.

प्रश्न : पुढच्या वर्षी मी पण निवृत्त होतोय. घरात कागदांची कपाटं भरलीयत, घरचे म्हणतात रद्दीत द्या. काय करू? (ज्येष्ठ बातमीदार, खानदेश)

रद्दीत अजिबात देऊ नका. बातम्यांप्रमाणे लावत बसू नका, गावांप्रमाणे लावा, कारण पुढच्याला एखाद्या गावाचा विषय आला की त्या गावाचा तीस वर्षांचा सगळा कागद एकत्र हवा असतो. प्रत्येक गठ्ठ्यावर एक पान, काय आहे, कुठून मिळालं, प्रकरण कुठे थांबलं. माहिती अधिकारातून आलेली कागदपत्रं, लेखापरीक्षण अहवाल, जुनी विषयपत्रिका हे सगळं स्कॅन करून तालुक्याच्या वाचनालयाला द्या, मूळ प्रती पण. अर्धवट राहिलेली प्रकरणं वेगळी काढा आणि तुमच्या जागी येणाऱ्या पोराबरोबर दोन तीन दुपारी बसून समजावून सांगा, कोणत्या ऑफिसात कोण बोलतं ते नाही, कोणत्या ऑफिसात कोणतं रजिस्टर कुठे असतं ते.

सूत्रांची नावं, नंबर, भेटीच्या नोंदी ज्या वह्यांत आहेत त्या मात्र कुणालाही देऊ नका, वाचनालयाला नाही, त्या पोराला नाही, संपादकांना पण नाही. ती माणसं अजून नोकरीत आहेत, काहींची मुलं त्याच खात्यात लागलीयत. त्या वह्या तुम्ही स्वतः, तुमच्या हाताने नष्ट करा.